टेराफॉर्मचा प्रोव्हायडर आणि आपली पहिली पुल रिक्वेस्ट

(तरुणांच्या मार्गदर्शन शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला ‘क्लाउडमधलं करिअर’ असा विषय दिला होता. त्यावर यूट्यूबवर भाषणांची कमी नाही. म्हणून मी आज एकाच कामाबद्दल बोलणार आहे. क्लाउडसाठी लागणारं एक ओपन सोर्स प्लगइन आपल्या लॅपटॉपवर कसं चालवायचं, त्यातली एखादी चूक कशी दुरुस्त करायची आणि ती दुरुस्ती जगभरातल्या लोकांपर्यंत कशी पोहोचवायची, एवढंच.

हाच विषय का निवडला ते आधी सांगतो. सकाळपासून तुमच्याशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली. कॉलेजमध्ये कंपन्या येत नाहीत, ओळखीचं कोणी नाही, रेफरन्स नाही. काही जणांनी हळू आवाजात असंही सांगितलं की अर्जावरचं नाव वाचूनच पुढे फोन येत नाही, अशी शंका वाटते. ही शंका उगाच आहे असं मी म्हणणार नाही. ओपन सोर्समुळे भेदभाव संपतो, असंही मी म्हणणार नाही. तिथेही माणसंच आहेत. पण तिथलं काम उघड्यावर असतं. तुम्ही काय लिहिलं, समोरच्याने काय विचारलं, तुम्ही काय उत्तर दिलं, हे कोणालाही तारखेसह वाचता येतं. ज्याच्याकडे शिफारस करणारा माणूस नाही, त्याच्यासाठी ही नोंद मोलाची आहे.

आता मुद्द्यावर येऊ. एखाद्या कंपनीला सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क लागतं. पूर्वी कोणीतरी क्लाउडच्या वेबसाइटवर जाऊन एकेक बटण दाबायचं. कोणी, कधी, काय दाबलं, याचा पत्ता लागायचा नाही. टेराफॉर्म हे साधन २०१४ साली हॅशिकॉर्प या कंपनीने आणलं. त्यात आपण साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितो की मला असे दोन सर्व्हर आणि असा एक डेटाबेस पाहिजे. टेराफॉर्म आधी काय काय बदलेल याची यादी दाखवतो, तिला ‘प्लॅन’ म्हणतात. आपण होकार दिला की तो बदल प्रत्यक्षात करतो, तो ‘अप्लाय’. जे केलं त्याची नोंद तो ‘स्टेट’ नावाच्या फाइलमध्ये ठेवतो.

गंमत अशी की टेराफॉर्मला स्वतःला अ‍ॅमेझॉन किंवा गुगलच्या क्लाउडबद्दल काहीच माहीत नसतं. ते ज्ञान प्रोव्हायडर नावाच्या प्लगइनमध्ये असतं. प्रोव्हायडर हा स्वतंत्र प्रोग्राम आहे, साधारणपणे गो भाषेत लिहिलेला. टेराफॉर्म त्याला सुरू करतो आणि दोघं जीआरपीसीवरून बोलतात. प्रोव्हायडरचं काम दुभाष्याचं. प्रत्येक वस्तूसाठी त्याला चार गोष्टी याव्या लागतात : तयार करणं, वाचणं, बदलणं आणि काढून टाकणं. २०१७ पासून हे प्रोव्हायडर मूळ टेराफॉर्मपासून वेगळ्या रिपॉझिटरीत राहतात. त्याचा आपल्याला फायदा असा की संपूर्ण टेराफॉर्म समजून घ्यायची गरज नाही. एक प्रोव्हायडर, त्यातली एक वस्तू, तिची चार फंक्शन्स एवढं वाचलं तरी सुरुवात होते.

लॅपटॉपवर मांडणी कशी करायची? गिट आणि गो टाका, रिपॉझिटरी फोर्क करून क्लोन करा, बिल्ड करा. तुमचा स्वतःचा प्रोव्हायडर तयार होतो. पण टेराफॉर्म नेहमी रजिस्ट्रीवरून अधिकृत प्रोव्हायडर उतरवतो, तुमचा नाही. त्यासाठी टेराफॉर्मच्या स्वतःच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘डेव्ह ओव्हरराइड्स’ नावाचा भाग लिहायचा आणि तिथे तुमच्या बिल्डच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा. त्यानंतर टेराफॉर्म प्रत्येक वेळी एक इशारा छापतो की ओव्हरराइड चालू आहे. तो इशारा दिसला म्हणजे मांडणी बरोबर झाली. नवे लोक इथेच सगळ्यात जास्त अडकतात. कोड बदलतात, पण चालत असतो रजिस्ट्रीवरचा जुनाच प्रोव्हायडर.

अ‍ॅमेझॉनच्या प्रोव्हायडरपासून सुरुवात करू नका. तो प्रचंड आहे, साध्या लॅपटॉपवर बिल्ड व्हायला बराच वेळ आणि मेमरी खातो. ‘रँडम’, ‘टाइम’, ‘लोकल’, ‘टीएलएस’ असे छोटे प्रोव्हायडर आहेत. त्यांना क्लाउडचं खातं लागत नाही, क्रेडिट कार्ड लागत नाही. त्यांचा कोड दोन-तीन रविवारी वाचून होतो.

आता माझ्या कामातलं एक उदाहरण. मी ज्या टीममध्ये होतो, तिथे आम्ही एका छोट्या क्लाउड सेवेचा प्रोव्हायडर वापरायचो. डेटाबेसला कोणकोणत्या आयपी पत्त्यांवरून जोडता येईल, याची यादी आम्ही फाइलमध्ये लिहायचो. आम्ही एका क्रमाने लिहायचो, सेवेचा एपीआय ती यादी दुसऱ्याच क्रमाने परत द्यायचा. टेराफॉर्मला वाटायचं की काहीतरी बदललंय. त्यामुळे प्रत्येक प्लॅनमध्ये ‘एक बदल’ दिसायचा. अप्लाय केलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच.

वरवर बघता हा त्रास किरकोळ होता. पण हळूहळू टीममधल्या लोकांनी प्लॅन वाचणंच सोडून दिलं. “हं, तो नेहमीचाच आहे,” म्हणून होकार द्यायचा. टेराफॉर्ममध्ये काही बदल असे असतात की जुनी वस्तू काढून टाकून नवी बनवावी लागते. डेटाबेसच्या बाबतीत त्याचा अर्थ सगळा डेटा गेला. तो इशाराही त्याच प्लॅनमध्ये येतो. जो प्लॅन कोणी वाचत नाही, त्यातला हा इशारा कोण वाचणार? ही चूक दुरुस्त व्हायलाच हवी होती.

मी कोड लिहिण्याआधी इश्यू लिहिला. त्यात सात-आठ ओळींची फाइल दिली, जी कोणीही चालवून तीच अडचण बघू शकेल. टेराफॉर्मची आणि प्रोव्हायडरची आवृत्ती दिली. मग दोन उपाय मांडून विचारलं की तुम्हाला कोणता चालेल. पहिला उपाय म्हणजे ‘लिस्ट’चा ‘सेट’ करणं. लिस्टमध्ये क्रम महत्त्वाचा असतो, सेटमध्ये नसतो. दिसायला हा सर्वात स्वच्छ उपाय. पण ज्यांनी आपल्या फाइलमध्ये ‘यादीतला पहिला पत्ता’ असा क्रमांकाने उल्लेख केला असेल, त्यांचं काम अपडेट करताच मोडेल, कारण सेटमध्ये पहिला-दुसरा असं काही नसतं. दुसरा उपाय असा की वाचताना एपीआयकडून आलेली यादी आणि स्टेटमधली यादी ताडून बघायची. पत्ते तेच असतील, फक्त क्रम वेगळा असेल, तर स्टेटमधलाच क्रम ठेवायचा. हा थोडा ओबडधोबड, पण कोणाचंही काही मोडत नाही.

मेंटेनरने दुसरा उपाय निवडला आणि सेटचा बदल पुढच्या मोठ्या आवृत्तीसाठी राखून ठेवला. कॉलेजमध्ये आपण स्वच्छ कोडला मार्क देतो. इथे मात्र ज्यांना आपण कधी भेटणार नाही, त्यांच्या चालू असलेल्या कामाचा विचार आधी करावा लागतो. मला हे कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

मग टेस्ट. प्रोव्हायडरच्या जगात ‘अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट’ नावाचा प्रकार आहे. ती खऱ्या क्लाउडवर खरी वस्तू बनवते, तपासते आणि शेवटी काढून टाकते. अप्लाय झाल्यावर ती पुन्हा एकदा प्लॅन करते आणि प्लॅन रिकामा नसेल तर नापास होते. आमची अडचण पकडायला हे अगदी नेमकं होतं. मी आधी टेस्ट लिहिली, ती नापास होताना बघितली आणि मग दुरुस्ती केली. एकूण बदल चाळीसेक ओळींचा, त्यातल्या तीसेक ओळी टेस्टच्या. रिव्ह्यूच्या तीन फेऱ्या झाल्या, पाच आठवडे गेले. त्यानंतर एके दिवशी नवी आवृत्ती आली आणि आमचा प्लॅन रिकामा दिसला. रिकामा प्लॅन बघून इतका आनंद होतो, हे मी घरी कोणाला समजावून सांगू शकलो नाही.

इथे पैशांबद्दल सावध करतो. या टेस्ट खऱ्या वस्तू बनवतात, म्हणजे खरं बिल येतं. टेस्ट मधेच बंद पडली तर वस्तू मागे राहतात आणि मीटर चालू राहतं. खात्यावर बजेटचा इशारा लावा, पण तो फक्त कळवतो, खर्च आपोआप थांबवत नाही. टेस्टनंतर स्वतः जाऊन बघा. दुसरं, स्टेट फाइलमध्ये पासवर्ड साध्या मजकुरात असू शकतात, डीबग लॉगमध्येही गुपितं येऊ शकतात. इश्यूमध्ये काही चिकटवण्याआधी ओळन्‌ओळ वाचा.

आता लायसन्सबद्दल, कारण आपण फुकट श्रम देत असू तर ते कुठे जातात हे कळायला हवं. टेराफॉर्म आधी मोझिला पब्लिक लायसन्सखाली होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने ते बदलून बिझनेस सोर्स लायसन्स लावलं, ज्यात हॅशिकॉर्पशी स्पर्धा करणाऱ्या सेवांवर बंधन आहे. ज्यांनी वर्षानुवर्षं हातभार लावला होता, त्यातले बरेच दुखावले. त्यातून जुन्या कोडच्या आधारे फाटा निघाला, तो ओपनटोफू. सप्टेंबर २०२३ मध्ये तो लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली. अ‍ॅमेझॉनच्या प्रोव्हायडरसारखे प्रोव्हायडर मात्र मोझिला लायसन्सखालीच राहिले आणि ते दोन्हीकडे चालतात.

यातून आपण काय घ्यायचं? पुल रिक्वेस्ट पाठवताना काही प्रकल्प एका करारावर सही मागतात, त्याला सीएलए म्हणतात. त्याने कंपनीला तुमच्या कोडवर व्यापक अधिकार मिळतात. काही प्रकल्प, ओपनटोफू त्यांपैकी एक, फक्त ‘हा कोड द्यायचा मला हक्क आहे’ एवढी कमिटमधली सही मागतात. दोन्हींत फरक आहे. सही करू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः केली आहे. पण वाचून करा. आणि नोकरी करत असाल तर आधी कंपनीची लेखी परवानगी घ्या. अनेक करारांत तुमच्या कोडवर कंपनीचा हक्क लिहिलेला असतो.

शेवटचा मुद्दा थोडा कडू आहे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये एका टी-शर्टसाठी हजारो लोकांनी रीडमीमध्ये ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असे शब्द घालून पुल रिक्वेस्ट पाठवल्या. त्यात आपल्या देशातले विद्यार्थी बरेच होते. मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावे लागले. आज एआयकडून लिहून घेतलेला, स्वतःलाही न समजलेला कोड पाठवणं हे त्याच जातीचं काम आहे. एआयची मदत जरूर घ्या. पण ‘ही ओळ का?’ असं मेंटेनरने विचारलं तर उत्तर तुमचं असलं पाहिजे. तुमच्यामागून त्याच कॉलेजातून, त्याच गावातून येणाऱ्या मुलीची पुल रिक्वेस्ट कोणत्या नजरेने वाचली जाईल, हे काही प्रमाणात तुमच्या हातात असतं.

ज्यांना फुकट काम परवडत नाही, त्यांनी त्यात कमीपणा मानू नये. घर चालवणं आधी. त्यांच्यासाठी लिनक्स फाउंडेशनचा एलएफएक्स मेंटरशिप, गुगल समर ऑफ कोड, आउटरीची असे मानधन देणारे कार्यक्रम आहेत. तिथे निवड होताना आधीची एखादी छोटी पुल रिक्वेस्ट उपयोगी पडते.

तर येत्या रविवारी एवढंच करा. एक छोटा प्रोव्हायडर क्लोन करा, बिल्ड करा, ओव्हरराइडचा तो इशारा स्क्रीनवर आणा. मग त्याच्या कागदपत्रांतलं एक उदाहरण जसंच्या तसं चालवून बघा. जिथे ते चालणार नाही, तिथे तुमचा पहिला इश्यू आहे. अडलात तर मी शिबिर संपेपर्यंत मागच्या बाकावर बसलेलो आहे, लॅपटॉप घेऊन या.