नोंद शोधावी कशी?



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकातील नोंदींवर बोलावे, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु कामगाराचा पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी हे सारे आज नोंदीतच असते. आणि जे नोंदीत सापडत नाही, ते त्याच्या पदरात पडत नाही. म्हणून ही नोंद शोधतात कशी, हे आम्ही पुस्तके चाळून व जाणत्यांना विचारून समजावून घेतले.

आयबीएम कंपनीने १९८८ साली एएस/४०० हा मध्यम आकाराचा संगणक आणला. त्याचा वारसा आज 'आयबीएम आय' या नावाने चालू आहे. त्यावरील पुष्कळसे हिशेब 'आरपीजी' या १९५९ साली जन्मलेल्या भाषेत लिहिलेले असतात.

समजा, एक लाख कामगारांचा पट आहे. पहिल्या नोंदीपासून वाचू लागलो, तर हवी ती सापडेपर्यंत सरासरी ५० हजार नोंदी उलटाव्या लागतील. तोच पट क्रमांकवार लावून दर वेळी मधोमध उघडला आणि नको तो अर्धा भाग सोडून दिला, तर फार तर १७ वेळांत काम भागते. यंत्रातील सूचीची रचना याहून निराळी असली, तरी मर्म हेच: नको ते न वाचताच बाजूला सारणे.

आता प्रश्न तीन प्रकारचे असतात. 'हा क्रमांक पटावर आहे काय?' एवढेच विचारायचे, तर 'सेटएलएल' ही आज्ञा पुरते. ती सूचीत पाहून हो किंवा नाही सांगते, नोंद उचलून आणीत नाही. 'याचा पगार किती?' असे विचारायचे, तर नोंदच हवी, तेथे 'चेन'. 'याच्या वर्षभराच्या रजा कोणत्या?' असे असेल, तर 'सेटएलएल'ने पहिल्या नोंदीपाशी जाऊन 'रीड-ई'ने त्याच क्रमांकाच्या नोंदी संपेपर्यंत एकेक वाचावी.

सवयीने सर्वत्र 'चेन' वापरणारे पुष्कळ. त्यात वेळ जातो, हे झालेच. पण खरी मेख पुढेच आहे. फाईल दुरुस्तीसाठी उघडलेली असेल, तर 'चेन' त्या नोंदीला कुलूप घालते. एखादा कारकून नुसता क्रमांक तपासतो आणि पडदा तसाच ठेवून चहाला जातो. इकडे पगाराचे काम त्या क्रमांकापाशी येऊन थांबते. वेगळे काही ठरविले नसेल तर ६० सेकंद वाट पाहते आणि मग चूक दाखविते. त्या महिन्याचा पगार अडतो तो यंत्राचा नव्हे, माणसाचा! वास्तविक 'चेन'ला 'एन' हे अक्षर जोडले असते, तरी कुलूप न लावता नोंद वाचता आली असती.

म्हणून कारखान्यात नवी हिशेबपद्धती येते, तेव्हा कामगारांच्या प्रतिनिधींनी हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. नोंद कोण उघडतो? कुलूप कधी पडते? ते कधी सुटते? जेवढे हवे तेवढेच मागावे आणि दुसऱ्याची वाट अडवू नये, हा शहाणपणा यंत्राला आपणच शिकवावयाचा आहे.