प्राणहितेकाठची अक्षरे आणि बिघडलेली मेमरी



अहेरीजवळून प्राणहिता ओलांडली की तेलंगण लागते. इकडच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि माडिया-गोंडी एकदमच कानावर पडतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका तेलुगू अक्षराने जगभरचे आयफोन बेजार केले, ती हकिकत म्हणूनच या व्यासपीठावरून सांगण्याजोगी आहे.

ते अक्षर ‘ज्ञा’. ज, हलन्त, ञ, मग डोळ्यांना न दिसणारे शून्य रुंदीचे चिन्ह आणि शेवटी काना, असा पाच चिन्हांचा क्रम. आयओएस ११.२.५ असलेल्या फोनवर हा मजकूर उघडला की ॲप बंद पडे. सूचनेत आला तर मुख्य पडदाच पुन्हापुन्हा कोसळे. बातम्यांत तेलुगूचे नाव गाजले. लिपीचा मात्र काडीचाही दोष नव्हता. अक्षरे जुळवून दाखवणारा ॲपलचा कोअरटेक्स्ट हा भाग चुकत होता. १९ फेब्रुवारीला ११.२.६ ही दुरुस्ती आली, तेव्हा ॲपलनेच कारण दिले: विशिष्ट अक्षरमालेमुळे हीप, म्हणजे प्रोग्रामने मागून घेतलेली मेमरी, बिघडू शकत होती.

हीपचा बिघाड शोधायला एवढा अवघड का?

सी भाषेत मेमरी मागायची ती मॅलॉककडे आणि परत द्यायची ती फ्रीमार्फत. मागितलेल्या जागेच्या पलीकडे प्रोग्रामने लिहिले, तरी पुष्कळदा त्या क्षणी काहीच होत नाही. शेजारी दुसरा डेटा असतो, किंवा मॅलॉकने स्वतःच्या हिशेबासाठी ठेवलेल्या नोंदी असतात. त्या पुसल्या जातात आणि नंतरच्या एखाद्या साध्यासुध्या मॅलॉकला प्रोग्राम कोसळतो. धानाच्या शेतात धुरा फुटतो वरच्या बांधीचा आणि रोवणा वाहून जातो खालच्या बांधीतला, तसे हे. क्रॅश रिपोर्टमधली ओळ म्हणूनच अनेकदा निरपराध असते. तपासासाठी छपाईची एखादी ओळ घालावी, तर मेमरीची मांडणी बदलते आणि क्रॅश नाहीसा होतो. बग गेला असे वाटते; तो तिथेच असतो.

म्हणून पहारा बसवावा लागतो तो लिहिण्याच्या क्षणावर. ज्युलियन सीवर्ड यांचे व्हॅलग्रिंड २००२ पासून हे काम करते, पण प्रोग्राम कित्येक पटींनी मंदावतो. गूगलचे ॲड्रेस सॅनिटायझर त्याहून बरेच वेगवान आहे. ते प्रत्येक तुकड्याभोवती निषिद्ध पट्टा आखते आणि परत केलेली मेमरी काही काळ पुन्हा वापरू देत नाही. हद्द ओलांडणारी ओळ आणि तो तुकडा जिथे मागितला ती ओळ, दोन्ही अहवालात येतात.

कोअरटेक्स्टचा कोड मात्र बाहेरच्यांच्या हाती नव्हता. मोझिलात काम करणारे मनीष गोरेगावकर यांनी त्या दिवसांत वेगळी वाट धरली. अक्षरांचे क्रम एकेक बदलून पाहत कोणता क्रम फोन पाडतो आणि कोणता नाही, हे त्यांनी ताडून पाहिले. तेलुगूबरोबर बंगाली आणि देवनागरीही त्यात सापडल्या! देवनागरीत दुसरे व्यंजन ‘र’ असेल, म्हणजे ‘क्र’सारखे जोडाक्षर, पुढे ते अदृश्य चिन्ह आणि मग स्वरचिन्ह, तर फोन कोसळे. पहिलेच व्यंजन ‘र’ असेल, म्हणजे रफार होत असेल, तर कोसळत नसे. हा भेद टिपायला जोडाक्षरे कशी घडतात हे माहीत असावे लागते. या तपासातला सर्वांत मोलाचा भाग तोच, आणि तशी जाण या सभागृहात भरपूर आहे.

पुढचे काम तर आपल्या दाराशीच आहे. मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली आली, गुंजाला गोंडी २०१८ साली. नव्या लिपीबरोबर अक्षरजुळणीचे नवे नियम येतात, नवा कोड येतो आणि नव्या चुकाही. अँड्रॉइड आणि फायरफॉक्स वापरतात त्या हार्फबझ या मुक्त अक्षरजुळणी प्रणालीवर वेडेवाकडे इनपुट सोडून सतत चाचण्या चालतात. पण गोंडी-तेलुगू-मराठी मिसळून लिहिणाऱ्यांचा खरा मजकूर यंत्राला आपसूक सुचणार नाही. तो इथूनच जायला हवा.

तेव्हा अध्यक्षपदावरून मागणी एवढीच: मजकुराने ॲप बंद पडले तर फोनचे मॉडेल, प्रणालीची आवृत्ती आणि तो मजकूर जसाच्या तसा फाइलमध्ये जतन करून निर्मात्यांना कळवावा. स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण शून्य रुंदीचे चिन्ह चित्रात उतरत नाही.