आकाशाचा नियम आणि नदीचे पंचांग



अद्भुतरम्य साहसाच्या व्हिडिओ गेममध्ये ढग, पाऊस, वारा आणि वीज यांचे काम काय, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी मुळात तो कथानकाचा प्रश्न आहे. कारण हवामान देखावा म्हणून येते तेव्हा ते पडद्याची शोभा वाढवते आणि नियम म्हणून येते तेव्हा नायकाला वाट बदलायला लावते. या नियमाला काळाची आणि अंतराची जोड कशी द्यावी, हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांकडून शिकण्यासारखे आहे, असे प्रस्तुत भाषणाचे प्रतिपादन आहे.

तंत्राची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये स्मृतिसाठा इतका तुटपुंजा होता, की ढग आणि झुडूप यांसाठी एकच आकृती वापरून केवळ रंग बदलण्यात आला. २०१७ च्या ‘होरायझन झीरो डॉन’मध्ये मात्र घनरूप ढग आले, म्हणजे अवकाशातील प्रत्येक बिंदूपाशी बाष्प किती दाट आहे आणि त्यातून प्रकाश किती आत शिरतो याचा हिशेब करून उमटवलेले ढग. त्याच वर्षीच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने हवामानाला नियमाचे रूप दिले, तेथे पावसात कडे निसरडे होतात आणि वादळात अंगावर धातूचे शस्त्र असेल तर वीज नेमकी त्यावर कोसळते. २०२० च्या ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’मध्ये वारा स्वतःच वाटाड्या होऊन नायकाला मुक्कामाची दिशा दाखवतो.

तथापि या सर्व उदाहरणांत हवामान डोक्यावरचे आणि त्या घटकेपुरते असते: ढग जेथे दिसतो तेथेच पाऊस पडतो आणि पडताक्षणी त्याचा परिणाम होतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावर परिसराच्या शेतीचा अनुभव याहून वेगळा आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर सह्याद्रीवर ओसरत असल्याने जून ते सप्टेंबर या काळात येथे पाऊस बेताचाच असतो. परंतु त्याच वाऱ्यांनी कोडगूच्या डोंगरांवर ओतलेले पाणी कावेरीतून मेट्टूरच्या धरणात जमा होते आणि प्रघाताप्रमाणे १२ जूनला दरवाजे उघडले गेले, की काही दिवसांत ते कल्लणै येथे पोहोचते. करिकाल चोळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्राचीन बंधाऱ्यापाशी कावेरी, वेण्णार आणि कालवा अशी त्याची वाटणी होते, आणि कडैमडै, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाची गावे, आपल्या पाळीची वाट पाहत राहतात. या पाण्यावर कुरुवै हे अल्प मुदतीचे भातपीक निघते. सांबा हे दीर्घ मुदतीचे पीक पुढे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसावर पोसले जाते. तात्पर्य, एकाच गावाला दोन पावसाळे असतात, एक नदीवाटे येणारा आणि दुसरा आभाळातून उतरणारा. पहिल्याच्या वेळी शेतकऱ्याची नजर ढगाकडे नसते, धरणातील पातळीच्या आकड्याकडे असते.

अंतराच्या या धड्यानंतरचा दुसरा धडा स्मृतीचा आहे. बहुतेक खेळांत वादळ सरले की जग पूर्ववत होते. प्रत्यक्षात मात्र १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलेल्या ‘गाजा’ चक्रीवादळाने याच परिसरातील पट्टुकोट्टै आणि पेरावूरणी येथील नारळाच्या बागा मुळासकट आडव्या केल्या. वादळ काही तासांत पुढे सरकले, पण नवे रोप फळाला येण्यास अनेक वर्षे लागत असल्याने त्याचा हिशेब घराघरांत दीर्घकाळ चालू राहिला.

यातून खेळरचनेची दोन सूत्रे हाती येतात. कारण आणि परिणाम यांच्यात अंतर ठेवल्यास, दूरच्या पर्वतावर दिसलेला ढग नायकाला अनेक दिवसांनंतर येणाऱ्या पुराची वर्दी देऊ शकेल आणि ती वेळीच ओळखणे हेच साहस ठरेल. हवामानाला स्मृती दिल्यास, मोडलेली बाग पुढील प्रकरणांतही मोडलेलीच राहील आणि टोकाच्या गावाचे पाणी अडवणारा राक्षस तलवारीपेक्षा न्याय्य वाटपानेच हरेल.

मराठी भाषकांना हा विषय परका नाही. एकोजी भोसले यांच्यापासून १८५५ मध्ये खालसा होईपर्यंत तंजावरचे राज्य मराठी घराण्याकडे होते, आणि तेथील सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी व मोडी साहित्य त्या सहवासाची साक्ष देते. दुसरीकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या खेळातून, दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनासह, येथील पुराणकथा आणि चित्रपरंपरा जगभरच्या पडद्यांवर नेल्या. देवता आणि स्थापत्य खेळात आणण्याचे कौशल्य सिद्ध झाले आहे. आता त्याच कौशल्याने कालव्यांचे नकाशे, पिकांची वेळापत्रके आणि पाणीवाटपाच्या रूढी अभ्यासल्या जाव्यात. या संमेलनातील चर्चासत्रांनी लेखक, जलतज्ज्ञ आणि संगणकतज्ज्ञ यांना या कामासाठी एका मेजाभोवती बसवावे, कारण काल्पनिक राज्याचा नकाशा आखताना पाणी कोठून येते आणि कोणाला शेवटी मिळते हे ठरवणे, हे त्या राज्याचा राजा कोण हे ठरवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.