गारांचा अर्ज



माझा एक भाचा अमेरिकेत बफेलो शहरात नोकरी करतो. मागे एका एप्रिलात त्याचा फोन आला. "मामू, झाडांना कळ्या धरल्यात आणि रात्रीतून घोट्याइतका बर्फ पडला. लोक म्हणतात, तलावानं पाडला."

लोक म्हणतात त्यात तथ्य आहे. त्याच्या शहराला लागून एरी सरोवर आहे. गोठवणारा वारा त्या उबदार पाण्यावरून जाताना वाफ उचलतो आणि काठावर हिम म्हणून टाकतो. हे मुख्यतः हिवाळ्याच्या सुरुवातीचं काम. पुढे सरोवर गोठतं, वाफ आटते. वसंतात पाणीच थंड असतं, म्हणून तेव्हाच्या अशा बर्फाचं तिथल्यांनाही नवल वाटतं.

मला हसू आलं. लहानपणी आम्हीही म्हणायचो की गारा तलावातून येतात. आमचा भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या पाळी घालून पाणी अडवलं. १९५१ साली मालगुजारी गेली आणि हे तलाव 'माजी मालगुजारी' झाले. त्याचंच सुटसुटीत नाव 'मामा तलाव'. भाच्याला मामू आणि आम्हाला मामा तलाव, असं आमचं नातं!

पण आमच्या तलाव-बोड्यांच्या अंगात गारा पाडण्याएवढं बळ नाही. फेब्रुवारी-मार्चात जमीन तापू लागते, समुद्रावरून दमट वारा येतो आणि वरच्या थरात उत्तरेकडचा गार, कोरडा वारा असतो. ढग उंच उंच चढतो. थेंब वर जाऊन गोठतात, त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात आणि वजन पेलेनासं झालं की खाली येतात.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात अशा गारांनी महाराष्ट्रातले कितीतरी जिल्हे झोडपले. आमच्याकडची आठवण मात्र फेब्रुवारी २०१८ ची. त्या वेळी तुमसरात झाडांवरचे शेकडो पोपट गारांच्या माऱ्यानं मरून पडले. आमच्या गावात कवेलू फुटले. कवेलू फेरायचे ते मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर. भर फेब्रुवारीत फेरणारा माणूस कुठून आणायचा? अम्मीनं घरातली सगळी भांडी गळतीखाली मांडली आणि स्वतः दाराच्या चौकटीत बसून राहिली.

गावात बी. ए. झालेला म्हणून अर्ज लिहायचं काम माझ्याकडे असतं. कविता कोणी मागत नाही, अर्ज मागतात. त्या आठवड्यात ओट्यावर रांग लागली. हरभरा, गहू, जवस, लाखोरी. पीक ३३ टक्क्यांहून जास्त गेलं तर मदत, आणि ती सातबाऱ्यावर नाव असेल त्याला. बटईनं कसणाऱ्याचं नाव तिथं नसतं. घाम त्याचा, लाखोरी त्याची, पैसा मालकाच्या खात्यात. मालक भला असला तर अर्धा देतो.

रांगेत शेवटी एक म्हातारी होती. तिचं शेत नव्हतंच. मोहाची तीन झाडं, तीही दुसऱ्याच्या बांधावर. फुलं वेचायचा मान मात्र तिचा. मार्च-एप्रिलात पहाटे उठून ती फुलं वेचायची, वाळवून विकायची आणि त्यावर तिचं तेल-मीठ चालायचं. गारांनी डहाळ्या मोडल्या होत्या.

"मोहाचं बी लिवजो ना बाबू," ती म्हणाली.

मी म्हणालो, "आजी, त्याला रकाना नाही."

ती काही बोलली नाही. पदर डोक्यावर ओढून निघून गेली. खरं तर मला कागद कमी पडत नव्हता. साध्या कागदावरचा अर्ज होता तो. रकाने माझ्याच डोक्यात होते. मंजूर झाला नसताच, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तिनं मंजुरी मागितली नव्हती, लिहायला सांगितलं होतं. पुढच्या वर्षी मोह फुलला तेव्हा ती नव्हती.

त्यानंतर गारा आल्या की अर्जाच्या शेवटी मी एक ओळ घालतो, मोहाची. एकदा एका अर्जात गावातल्या मेलेल्या पोपटांचीही घातली. कचेरीतल्या बाबूनं ती ओळ दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कशासाठी?"

मी म्हणालो, "पडले होते म्हणून."

त्यानं आवकचा शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली.