किन्यूसी येथील नऊ थडगी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

प्रवासातले काहीतरी सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. स्कॉटलंडमधली तळी, डोंगर, राजवाडे यांची वर्णने तुम्ही पुष्कळ वाचली असतील. ती मी सांगत नाही. एका लहानशा गावाविषयीच चार शब्द बोलते. त्याचे नाव लिहितात एक आणि म्हणतात दुसरेच. अक्षरे पाहून ‘किंगुसी’ वाचावे, तर गावकरी ‘किन्यूसी’ म्हणतात. जुन्या गेलिक भाषेत त्याचा अर्थ पाइनच्या रानाचे टोक.

गावापुढे स्पे नदी, आणि पलीकडे टेकाडावर रुथवेनच्या बराकी. आता नुसत्या भिंती उभ्या आहेत. १७१५ च्या बंडानंतर डोंगरी लोकांवर वचक राहावा म्हणून १७१९ मध्ये सरकारने त्या बांधायला घेतल्या. १७४६ च्या एप्रिलात कलोडनच्या माळावर बंडवाल्यांचा मोड झाला, तेव्हा वाचलेले लोक येथेच जमले होते. पुन्हा लढण्याची त्यांची तयारी होती. पण राजपुत्राचा निरोप आला, की ज्याने त्याने आपला जीव सांभाळावा. सरकारने बांधलेल्या बराकीच्या सावलीत बंडाचा शेवट व्हावा, हा योग मोठा चमत्कारिकच.

गावात एका विदुषीची आठवण निघते. डॉ. इझाबेल ग्रँट यांनी डोंगरी लोकांच्या घरांतून मोडीत निघालेले चरखे, पाळणे, भांडी, नांगर गोळा केले आणि १९३५ मध्ये आयोना बेटावर एका जुन्या देवळात मांडून ठेवले. पुढे १९४४ मध्ये तो संग्रह किन्यूसीला आला. आता तो शेजारच्या न्यूटनमोर गावी आहे. आपण जे भंगारवाल्याला देतो, त्यालाच या बाई इतिहास म्हणत होत्या.

परंतु मला सांगायचे आहे ते गावच्या दफनभूमीविषयी. स्कॉटिश नावांच्या शिळांमध्ये नऊ थडगी हिंदी सैनिकांची आहेत. सगळे पंजाबकडचे मुसलमान. त्यांच्यापैकी कोणी तोफ ओढणारा वा बंदुकीने नाव काढलेला नव्हता. खेचरे हाकणाऱ्या तुकड्यांतले हे लोक. १९३९ च्या डिसेंबरात चार तुकड्या आपल्या मुंबई बंदरातून निघाल्या आणि २६ डिसेंबरला मार्सेयला उतरल्या. फ्रान्समध्ये त्या हिवाळ्यात बर्फ असा होता, की मोटारी अडत आणि खेचरे चालत. १९४० मध्ये डंकर्कहून माघार घेताना त्यांनी पोसलेली खेचरे मागे सोडावी लागली. एक तुकडी तर जर्मनांच्या हाती सापडली. उरलेले इंग्लंडात आले आणि पुढे स्कॉटलंडच्या डोंगरांत पोहोचले. नॉर्वेसारख्या मुलखात लढावे लागले तर उपयोगी पडावे म्हणून बावन्नाव्या डिव्हिजनला तेथे डोंगरी लढाईचे शिक्षण चालले होते, त्यात यांची खेचरे ओझी वाहत. गंमत अशी, की त्या डिव्हिजनला पुढे १९४४ मध्ये हॉलंडच्या सखल, पाणथळ मुलखात लढावे लागले!

हे नऊजण मात्र रणांगणावर पडले नाहीत. परक्या थंडीत, आपल्या भाषेचा शब्द ज्या गावी कोणी जाणत नव्हते, तेथेच त्यांचा शेवट झाला. घरच्या बायकांना किती दिवसांनी कळले असेल, कोणी वाचून दाखविले असेल, हा विचार मला तेथे उभी असताना सुटेना. सरकारी नोंदीत एवढे लिहीत नाहीत.

आणि भगिनींनो, त्या थडग्यांची निगा गावातल्या एका बाईंनी कित्येक दशके राखली. नाते ना गोते. तरी फुले ठेवायची, गवत काढायचे. कोणी नेमले नव्हते, कोणी पगार देत नव्हते.

आपल्याकडेही सातारा भागात महायुद्धात गेलेल्यांचे दगड गावोगाव आहेत. अपशिंग्याला तर सैनिकांचे गाव म्हणूनच ओळखतात. चावडीच्या भिंतीतल्या अशा दगडावर पुष्कळदा नुसता आकडा असतो. नावे म्हाताऱ्यांना विचारावी लागतात.

स्कॉटलंडला कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी असेल, तर त्यांना सांगा, पर्थहून इन्व्हर्नेसची गाडी किन्यूसीला थांबते. गाव लहान आहे. स्टेशनवर उतरून पायी जाता येते. जाताना थोडी फुले घेऊन जावे.