गोड सेंट आणि गडावरचं आग्या मोहोळ

भोर-वेल्ह्याच्या श्रोत्यांची एक तक्रार ठरलेली असते. सकाळी सेंट मारला, एसटी मिळेपर्यंत वास गायब. दुकानदारानं फसवलं का?

नाही हो. फळांच्या वासाचा सेंट असाच वागतो. केळी, अननस, सफरचंद यांचा वास देणारी एस्टर नावाची रसायनं फार हलकी असतात. अंगाच्या उबेनं ती पाव-अर्ध्या तासात उडून जातात. केळ्याच्या वासाचं आयसोअमाइल ॲसिटेट १४२ अंशांना उकळतं, तर व्हॅनिलाचं व्हॅनिलीन २८५ अंशांच्या आसपास. म्हणून आधी फळ जातं, मग फुलं, आणि मागे राहतो तो पाकासारखा गोडवा. कपड्यावर तो दुसऱ्या दिवशीही सापडतो. तुम्हाला येत नाही, कारण तुमचं नाक सरावलेलं असतं. शेजारी बसलेला माणूस खिडकी का उघडतोय, ते त्याला विचारून बघा!

वास गेला असं वाटतं, की आपण पुन्हा फवारा मारतो. घरी मारलात तर पैसे वाया, एवढंच. पण गडावर नको. राजगड, तोरणा, रायरेश्वर, रोहिडा, कुठेही नको.

मघाशी सांगितलेलं ते केळ्याच्या वासाचं रसायन मधमाश्यांचा धोक्याचा इशाराही आहे. संशोधकांनी हे १९६२ सालीच ओळखलं. माशी डंख मारते तेव्हा त्याच जागी हा वास सुटतो आणि बाकीच्या माश्या तिथं धावून येतात. गडाच्या कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं असतं आणि आपली तरुण मंडळी गुंजवणे गावातून घाम गाळत राजगडाच्या पद्मावती माचीवर पोचली, की फोटोआधी पिशवीतून बाटली काढतात. फुस्‌, फुस्‌! अरे बाबांनो, फोटोत वास येतो का? नेमका तो पहिला, ताजा फळांचा वास तुम्ही मोहोळाजवळ सोडता. बाटली घरी ठेवा. सुगंधी तेल, डिओ, तेही नको. घामाचा वास आला तर येऊ द्या, गड चढलात ना!

तरीही माश्या उठल्याच, तर हात झाडू नका, माशी चिरडू नका. डोकं-तोंड कापडानं झाका आणि कड्याकडे न पळता पायवाटेनं लांब निघा. काटा रुतला असेल तर नखानं खरवडून लगेच काढा. डंख बरेच असले, धाप लागली किंवा ओठ-जीभ सुजली, तर घरगुती लेप लावत बसू नका. १०८ला फोन करा.

बाकी, मनगटं एकमेकांवर घासू नका आणि बाटली गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवू नका. विकत घेताना सेंट हातावर लावून बाजारात एक फेरी मारून या, मगच पैसे द्या.