धीर कोणी कोणाला सांगावा



ख्रिस्ती माणसाच्या तोंडी एक वाक्य फार लवकर येते: देव आपल्या वेळी करील. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण ते ज्याचे त्याने स्वतःपुरते म्हणावे. दुसऱ्याच्या दुःखावर ते ठेवून आपण मोकळे होतो, तेव्हा त्या वाक्यातला विश्वास निघून जातो. आज मला एवढेच मांडायचे आहे.

धीरावर उपदेश करायचा म्हटले की याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय उघडतो आणि पहिल्या व शेवटच्या पावसाची वाट पाहणारा शेतकरी पुढे येतो. आपल्या राजुऱ्यात तो समजावून सांगावा लागत नाही. कपाशी टोबून झाली आणि पावसाने दडी मारली की जीव कसा टांगणीला लागतो, हे या मंडपात बसलेल्यांना माहीत आहे. मात्र त्याच अध्यायात, तीनच वचने आधी, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत असते आणि ती हाक परमेश्वराच्या कानी पोचल्याचे याकोब लिहितो. तो आधी मजुरी दाबणाऱ्याला खडसावतो, मगच धीराकडे वळतो. आपल्या उपदेशांत हा क्रम उरलेला नाही. ज्याचे शेत खाणीत गेले आणि मोबदल्याचे कागद टेबलाटेबलावर फिरत राहिले, त्याला आपण थेट सातवे वचन वाचून दाखवतो. चौथे वाचत नाही.

बेथानीची गोष्ट घ्या. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही प्रभू आहे तिथेच दोन दिवस थांबतो. तो पोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था वाटेतच त्याला गाठून बोलते, तू इथे असतास तर माझा भाऊ गेला नसता. मरीयाही तेच बोलते. उशीर का केलास, या गाऱ्हाण्याबद्दल तो दोघींनाही दटावत नाही. पुढच्या घटकेला काय घडणार हे ज्याला ठाऊक होते, तोच तिथे रडला. आता आपल्याकडे पाहा. राजुरा परिसरात माणसे मारणारा वाघ ऑक्टोबर 2020 मध्ये जेरबंद झाला. तोवर ज्या घरचे माणूस शेतातून, जंगलातून परतले नाही, त्या घरात देवाची वेळ समजावत बसण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. तिथे जाऊन बसावे, रडावे, आणि वनखात्याच्या अर्जावर सही लागत असेल तर ती करावी.

मग वाट पाहणे म्हणजे नेमके काय? मराठी ख्रिस्ती साहित्यात याचे उत्तर एका घरात मिळते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला, ते 1893 साल. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढची चार-साडेचार वर्षे त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या. टिळकांकडे नगरला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. टिळक तापट होते, उतावळे होते, लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे सांगायला नको. तरी पत्नीच्या श्रद्धेवर त्यांनी जबरदस्ती केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातला जातिभेद त्यांच्याच विचाराने गळून पडला आणि 1900 मध्ये त्यांनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षांत त्यांना कोणी सबुरी शिकवली असती, तर त्या आल्या असत्या असे मला वाटत नाही.

या घरातली दुसरी प्रतीक्षा याहून लांबली. टिळकांनी 1909 मध्ये ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लिहायला घेतले. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले आणि 9 मे 1919 रोजी ते गेले. पन्नाशी ओलांडलेली, शाळेचे तोंड न पाहिलेली, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेली ही विधवा ते काव्य पुढे लिहायला बसली. तिने 64 अध्याय लिहिले. फेब्रुवारी 1936 मध्ये तीही गेली, आणि ग्रंथ 1938 मध्ये छापून आला. सुरुवात करणाऱ्याने शेवट पाहिला नाही, आणि ते पुढे नेणारीने पुस्तक हातात धरले नाही.

पंडिता रमाबाईंचेही तसेच. साध्या बाईला कळेल असे मराठी बायबल व्हावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना चालवून तिथल्याच स्त्रियांच्या हातांनी पाने जुळवून घेतली. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. संपूर्ण बायबल बाहेर पडले ते त्यानंतर. या तिघांपैकी कोणी हातावर हात ठेवून देवाची वेळ येण्याची वाट पाहिली नाही. आपल्या वाट्याचे पान लिहिले आणि बाकीचे देवावर सोडले. विश्वास ठेवणे मी यालाच म्हणतो.

आता या संमेलनाकडे एक मागणे. आपल्या भागातल्या मंडळ्यांची गोष्ट अजून बरीचशी तोंडीच आहे. मिशन दवाखान्यांत रात्रपाळ्या केलेल्या परिचारिका, गावोगाव शुभवर्तमान सांगत पायी फिरलेल्या स्त्रिया, घरच्यांनी टाकल्यावर जंगलगावात एकट्याने विश्वास सांभाळलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या साक्षी त्यांच्याच बोलीत, तेलुगू-गोंडी शब्दांसकट लिहून घ्याव्यात. ज्या प्रार्थनेला उत्तर मिळाले नाही, तीही लिहावी. शेवट गोड करण्यासाठी तिच्यावर चमत्काराचा मुलामा चढवू नये. प्रत्येक मंडळीने यासाठी दोन तरुण द्यावेत, वह्यांचा आणि प्रवासाचा खर्च संमेलनाच्या शिलकीतून व्हावा, असा ठराव आज दुपारच्या सत्रात मी अध्यक्ष या नात्याने मांडणार आहे. अनुमोदनासाठी तरुणांपैकी कोणी पुढे यावे.